नातवाचा बाइंडर आणि आजोबांची घासाघीस

पत्र: ताई, मी मूळचा संगमनेरचा, वय ७१. बाजारपेठेत ३८ वर्षं कापडाचं दुकान चालवलं, आता सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत मुलाकडे आलोय. नातू ११ वर्षांचा, त्याला पोकेमॉन कार्डांचं भयंकर वेड. पुढच्या रविवारी इथल्या फायर हाउसच्या (अग्निशमन केंद्राच्या) हॉलमध्ये कार्डांचा शो आहे, तिथे आबा तुम्हीच चला म्हणून मागे लागलाय. वाढदिवसाचे साठवलेले १२० डॉलर आहेत त्याच्याकडे. मुलगा म्हणतो कागदाच्या तुकड्यांवर पैसे घालवणं म्हणजे जुगार, सोडायला येईन पण आत येणार नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, इंग्रजी दुकानापुरतं. पोराला कुणी फसवलं तर? जावं का? आणि तिथे जुनी नाणीपण विकतात म्हणे, आमच्याकडे डबाभर शिवराया आहेत, पुढच्या खेपेला आणू का विकायला? – एक आजोबा

उत्तर:

काका, नमस्कार. जा, नक्की जा. पत्र वाचून मला आधी हसूच आलं, माफ करा, पण ३८ वर्षं गादीवर बसून गिऱ्हाईक दारात पाऊल टाकतंय तोवर ओळखणारा माणूस मला विचारतोय की बाजारात कुणी फसवलं तर काय करू!

मी यात कशी पडले ते आधी सांगते म्हणजे तुम्हाला कळेल की मीही काही जन्मजात तज्ज्ञ नाही. आमचा मुलगा तुमच्या नातवाएवढा होता तेव्हा त्याला सोडायला म्हणून जायचे, गाडीत बसून राहायचे, मग थंडी वाढली म्हणून आत जायला लागले, मग टेबलावरच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला लागले, आणि आता मुलगा कॉलेजला गेलाय, त्याला कार्डांशी काही घेणंदेणं नाही आणि मी दर महिन्याला एकटी जाते. घरातून निघताना आमचे हे म्हणतात, चालली बाई बाजाराला. बरोबरच आहे ते, बाजारच आहे तो.

हॉल म्हणजे आपल्याकडच्या लहान मंगल कार्यालयाएवढा. दारात एक माणूस पत्र्याची पेटी घेऊन बसलेला असतो, दोन-पाच डॉलर घेतो, मुलांना बहुतेक ठिकाणी फुकट, हातावर शिक्का मारून आत सोडतो. आत तीस-चाळीस टेबलं, त्यावर काळं कापड, काचेच्या पेट्यांत महाग माल, पुढे बाइंडर, म्हणजे कार्डं लावून ठेवायच्या वह्या, उघडे ठेवलेले, आणि टेबलाखाली किंवा कडेला पांढऱ्या पुठ्ठ्याची लांबलचक खोकी. एका बाजूला बेसबॉलवाले, म्हणजे खेळाडूंची कार्डं विकणारे, बहुतेक साठी ओलांडलेले, थर्मासातली कॉफी पीत बसलेले, आणि दुसऱ्या बाजूला पोकेमॉनवाली तरणी पोरं, गर्दी सगळी तिकडे. ती पांढरी खोकी म्हणजे डॉलर बॉक्स, कुठलंही कार्ड एक डॉलर, कधी डॉलरला चार. तुमच्या भाषेत कटपीसचा ढीग. आणि तुम्हाला माहितीच आहे, कटपीसमध्ये हात घालायला लाजणारा माणूस कधी फायद्यात राहत नाही.

आता तुमच्या मुलाचं. तो निम्मा बरोबर आहे हो. बंद पाकीट घेऊन फोडायचं, आत दहा कार्डं, त्यात भारी निघालं तर निघालं, नाहीतर नुसता रद्दीचा ढीग, हे जुगारासारखंच आहे आणि मुलांना त्याची चटक लागते हे मी घरात बघितलंय. पण शोला जायचं ते पाकिटं फोडायला नाहीच. तिथे हवं ते एकच कार्ड सुटं मिळतं, सिंगल म्हणतात त्याला, किंमत ठरलेली, डोळ्यांनी बघून घ्यायचं. यात जुगार कुठे आला? मुलाशी वाद घालू नका, फक्त नातवाला आधीच सांगून टाका की आज पाकिटं घ्यायची नाहीत. रडेल थोडा. सुटी पाकिटं घेऊ नयेत याचं दुसरंही कारण आहे, जुन्या पाकिटांत चमकीचं कार्ड असेल तर वजन किंचित जास्त भरायचं, त्यामुळे लोक बारीक काट्यावर तोलून जड पाकिटं काढून घेतात आणि हलकी विकायला ठेवतात, काही महाभाग तर उघडून कार्ड काढून परत चिकटवतात. गाठ सोडून पुन्हा बांधलेलं ठाण तुम्ही कधी घेतलं असतं का?

आणि दुसरं टोक म्हणजे "ही इन्व्हेस्टमेंट आहे आबा, वाढेल." हे वाक्य नातू बोलणार, यूट्यूबवरून शिकतात. त्याला एक गोष्ट सांगा. टॉप्स नावाची कंपनी, बेसबॉलची कार्डं काढायची, १९५२ सालच्या कार्डांची शेवटची मालिका उशिरा बाजारात आली, तोवर बेसबॉलचा सीझन संपत आलेला, पोरं फुटबॉलकडे वळलेली, माल तसाच पडून राहिला. म्हणजे दिवाळी उलटल्यावर आलेला दिवाळीचा माल. वर्षानुवर्षं गोदामात अडकला आणि शेवटी १९६० मध्ये खोकीच्या खोकी बार्जवर घालून समुद्रात बुडवली, हे कंपनीतल्या साय बर्गर यांनीच पुढे सांगितलेलं आहे. त्याच मालिकेतलं मिकी मॅन्टल या खेळाडूचं एक कोरं कार्ड २०२२ च्या ऑगस्टमध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. हे ऐकून नातवाचे डोळे चमकतील, तेव्हा लगेच पुढचं सांगा, की असल्या बातम्या ऐकून १९८० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी खोकी भरभरून कार्डं तळघरात ठेवली, पोरांच्या कॉलेजची सोय म्हणून, आणि कंपन्यांनीही मागणी बघून धो धो छापली. ती कार्डं आज त्या डॉलर बॉक्समध्ये पडलीत. लोकांनी फेकून दिलं ते महाग झालं, लोकांनी जपून ठेवलं ते कवडीमोल. आवडतं म्हणून घे, हरवलं किंवा भाव पडला तरी वाईट वाटणार नाही एवढ्यालाच घे, बस्स.

भाव कसा ठरतो ते समजून घ्या, तुम्हाला पाच मिनिटांत कळेल. प्रत्येक जण हातात फोन घेऊन उभा असतो. ईबे या ऑनलाइन बाजारात एक सोय आहे, फक्त विकले गेलेले सौदे दाखवणारी, आणि पोकेमॉनसाठी टीसीजीप्लेयर म्हणून साइट आहे तिथे चालू भाव दिसतो. नातवाला दोन्ही येत असणार. लोक काय मागतायत ते बघायचं नाही, कितीला गेलं ते बघायचं. मागणारा काय, लाखही मागेल. आता टेबलवाला तुमच्याकडून विकत घेताना त्या भावाच्या साठ-सत्तर टक्के देतो, चांगला असेल तर ऐंशी, आणि नातू म्हणेल चोर आहे. चोर नाही तो. टेबलाचं भाडं आहे, ऑनलाइन विकलं तर ईबे तेरा टक्क्यांच्या आसपास कापून घेतं, माल महिनोन् महिने पडून राहतो. ठोक आणि किरकोळमधला फरक तुम्हीच समजावून सांगा त्याला, माझ्यापेक्षा छान सांगाल.

घासाघीस चालते, पण पद्धत जरा वेगळी आहे. संगमनेरात दोनशे सांगितले की आपण ऐंशीपासून सुरुवात करतो, इथे तसं केलं तर माणूस हसून तोंड फिरवतो. चाळीसचं स्टिकर असेल तर चौतीस-पस्तीस विचारायचं, आणि एक एक न घेता तीन-चार कार्डं एकत्र पुढे ठेवून विचारायचं, तिथे खरा भाव उतरतो. इंग्रजी तुम्हाला दोनच वाक्यांचं लागणार आहे, "व्हॉट्स युअर बेस्ट ऑन दीज?" आणि "वुड यू टेक थर्टी कॅश?" कॅश या शब्दावर जोर. पाच-पाच, दहा-दहाच्या नोटा घेऊन जा, शंभराची नोट दाखवून पाच डॉलर कमी करा म्हणणं कुठल्याच देशात बरं दिसत नाही. दुपारी दोननंतर लोक आवरायला लागतात, माल परत गाडीत चढवायचा कंटाळा आलेला असतो, तेव्हा आणखी सुटतं, पण चांगलं तोवर गेलेलं असतं. मी सकाळी एक चक्कर मारते नुसती, काहीच घेत नाही, आणि मग घेते.

माल तपासणं. इथे तुमचा हात कामाला येणार. कार्डाचे चार कोपरे बघायचे, पाठीमागच्या निळ्या कडेवर पांढरं उडालंय का बघायचं, मग कार्ड तिरकं धरून दिव्याखाली ओरखडे बघायचे, जसं तुम्ही पैठणीचा पदर उजेडात धरून जर बघत असाल. कव्हरमधून बाहेर काढायचं असेल तर आधी विचारायचं आणि फक्त कडांना धरायचं. वर निअर मिंट (जवळजवळ नव्यासारखं) लिहिलंय आणि कोपरा मऊ पडलाय, तर सरळ बोट दाखवायचं, काही बोलायची गरजच नाही, भाव आपोआप खाली येतो.

नकली कार्डं बरीच फिरतात. अक्षरांची जाडी वेगळी, पाठीचा निळा रंग फिका किंवा जांभळट, हाताला पातळ. खऱ्या कार्डात दोन कागदांच्या मध्ये गडद थर असतो, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च मागे धरला तर नकली जास्त उजळतं. पण नुसतं बघून कळत नाही, शेजारी खरं धरून बघावं लागतं, म्हणून नातवाच्या बाइंडरमधलं एक साधं खात्रीचं कार्ड खिशात ठेवा. सुताचा नमुना ठेवायचात तसा. एक कानात सांगते, आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात ती सोनेरी चकचकीत पोकेमॉन कार्डांची पाकिटं मिळतात ना, ती सगळी नकली. येताना प्रेमानं आणली असतील तर राहू द्या, खेळू दे, पण बाइंडरमध्ये नको, कुणाला बदलीत देऊ तर अजिबातच नको. पोराची अब्रू जाते.

प्लास्टिकच्या जाड पेटीत बंद केलेली, वर नंबर छापलेली कार्डंही दिसतील, त्याला स्लॅब म्हणतात. पीएसए वगैरे कंपन्या कार्ड तपासून १ ते १० मध्ये मार्क देतात आणि पेटीत बंद करून टाकतात. नऊ आणि दहामध्ये डोळ्यांना फरक दिसत नाही पण भावात जमीन-अस्मान. १२० डॉलरवाल्याने त्या फंदात पडू नये, पडलाच तर पेटीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघायचा, कारण पेट्याही नकली निघतात.

आता जे मला खरं सांगायचंय ते. धोका विकत घेण्यात कमी आणि अदलाबदलीत जास्त. आमचा दहा वर्षांचा होता, त्याच्याकडे एक कार्ड होतं, चाळीस डॉलरच्या आसपास किंमत असेल, एका मोठ्या माणसाने, चांगला तीस-पस्तिशीचा, त्याला त्याबदल्यात पाच चमकती कार्डं दिली. एकाला पाच! पोराला वाटलं आपणच त्याला गंडवलं. मी दोन पावलांवर उभी होते, फोनमध्ये डोकं घालून. गाडीत बसल्यावर त्याने एकेक कार्डाचा भाव बघितला, पाचही मिळून दीड डॉलर होत नव्हते. ओक ट्री रोडला, इथल्या आपल्या लोकांच्या बाजारात, थांबून समोसे घेतले, त्याने हातही लावला नाही, तिखट आहेत म्हणाला, तिखट नव्हते. परत जाऊन भांडावं असं फार वाटलं पण तो माणूस तेव्हा कुठे सापडणार, आणि सापडला असता तरी म्हणाला असता, तुमच्या मुलाने स्वतः हो म्हटलं.

तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला, अदलाबदल ठरली की हात मिळवायचा नाही, हॉलची एक चक्कर मारायची. "लेट अस वॉक अराउंड वन्स." चक्कर मारता मारता दोन्ही बाजूंचे भाव फोनवर बघायचे, चमक बघायची नाही, बेरीज करायची. समोरचा म्हणाला की आत्ता घे नाहीतर दुसऱ्याला देतो, तर देऊ दे. तुम्ही दुकानात किती वेळा ऐकलंय हे वाक्य, आणि किती वेळा तो माणूस संध्याकाळी परत आलाय. बोलू मात्र सगळं नातवालाच द्या. तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं, हात मागे बांधून. आजोबा उभे आहेत एवढं दिसलं तरी निम्मे लबाड आपोआप सरळ होतात, आणि जे सज्जन आहेत, बहुतेक सज्जनच असतात हो, ते मोठं माणूस सोबत असल्याशिवाय लहान मुलाकडून कार्ड घेतच नाहीत. चूक त्याची त्याला होऊ द्या, पण दहा डॉलरची होऊ द्या, साठ डॉलरची नको. त्यासाठी पैसे तुमच्या खिशात ठेवून वीस-वीस करून द्या.

बारीकसारीक गोष्टी. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची, चेनवाला बाइंडर असेल तर चेन लावलेली. दुसऱ्याचा सौदा चालू असताना मध्ये तोंड घालायचं नाही, शेजारच्या टेबलावर स्वस्त आहे असं मोठ्याने बोलायचं नाही, मराठीत बोललात तरी आवाजावरून कळतं त्यांना. काचेवर कोपर टेकायचं नाही. घेतलेलं कार्ड आधी पातळ कव्हरमध्ये, मग कडक प्लास्टिकमध्ये, मग खिशात.

शिवराया. काका, त्या अजिबात आणू नका. आपल्याकडे पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू धरलं जातं आणि ते देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला परवानगी नाही. शिवराया सगळ्या त्याहून जुन्या, म्हणजे त्या कायद्यात येणारच. एअरपोर्टवर उभं करून ठेवतील, शिवाय इथे न्यू जर्सीच्या फायर हाउसमध्ये त्यांची किंमत कळणारा कोण बसलाय! डबा आहे तसा ठेवा, पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे जाणकाराला दाखवा, आणि काहीही झालं तरी सूनबाईला किंवा कामवाल्या मावशींना ती चिंच-मीठ लावून घासायला देऊ नका, तांब्यावर चढलेला तो जुना रंगच लोक बघतात, तो गेला की किंमतही गेली. नातवासाठी काही आणायचंच तर भोकाचा पैसा आणा, १९४३ ते १९४७ मधला, त्याला अजून शंभर झालेली नाहीत. शाळेत एवढा भाव खाईल की पोकेमॉनवाले बघत राहतील.

आणि तुम्ही स्वतः नुसते राखणदार म्हणून जाऊ नका हो, कंटाळून जाल. वीसेक डॉलर स्वतःचे वेगळे ठेवा. मी चष्मा घातलेल्या बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवते. हसू नका. खेळातलं मला आजही धड कळत नाही पण केंट टेकुल्व्ही नावाचा एक काटकुळा बोलर आहे, सत्तरच्या दशकातला, मोठा रंगीत काचांचा चष्मा लावून चेंडू टाकायचा, अगदी आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांसारखा दिसतो. तिथून सुरुवात झाली. क्रिस सेबो म्हणून एक आहे, गॉगलसारखा जाड चष्मा पट्ट्याने डोक्याला बांधलेला, तो त्या धो धो छापलेल्या काळातला असल्यामुळे पंचवीस सेंटला मिळतो. दोनशेच्या वर झालीत माझ्याकडे, सगळी मिळून एका चांगल्या साडीएवढीसुद्धा किंमत नाही. आता टेबलवाले म्हातारे माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात, "युअर ग्लासेस गाय", म्हणजे तुमचा चष्मेवाला, म्हणून पाकिटात घालून देतात, कधी पैसेही घेत नाहीत. तुम्हीही शोधा काहीतरी, मिशीवाले शोधा, सत्तरच्या दशकात ढिगाने आहेत. कटपीसच्या खोक्यात आजोबा आणि नातू शेजारी शेजारी माना घालून बसलेत हे चित्र मला आत्ताच दिसतंय.

मुलाचं काय, तो गाडीत बसेल म्हणतो ना, बसू दे. मीही बसायचे.

दहाला सुरू होत असेल तर साडेनऊला पोचा, पार्किंग भरतं. आत खायला हॉट डॉग आणि डोनट यापलीकडे काही नसतं, तेव्हा सूनबाईंना थालीपीठं बांधून द्यायला सांगा, पण खाऊन झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय बाइंडरला हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही.